नदीच्या वाळूत पिकअप : हवा किती ठेवायची, टायर कोणते घ्यायचे

उन्हाळ्यात आमच्या गंगाखेडकडं गोदावरीच्या पात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या असतात. तो माल काठावर काढायला मी गेली अकरा वर्षं पिकअप घालतोय. गाडी साधीच, मागच्या दोन चाकांवर चालणारी. फोर व्हील नाही, आणि एवढ्या कामाला ती लागतही नाही. अडचण वेगळीच आहे. आपला हात बसलेला असतो काळ्या रानात. चिखलात रेस देऊन गाडी ओढून काढता येते, वाळूत रेस दिली की चाक जागच्या जागी खड्डा खणतं. दर एप्रिलात कुणीतरी नवीन पोरगं असंच क्लच जाळून बसतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळा खेळ हवेचा आहे. साधा हिशोब बघा. एका चाकावर 500 किलो वजन आहे आणि टायरात 50 पीएसआय हवा आहे (म्हणजे दर चौरस इंचाला 50 पौंड दाब), तर ढोबळमानाने 22 चौरस इंच रबर जमिनीला टेकतं, म्हणजे जेमतेम तळहाताएवढं. हवा 25 केली की तेच 44 होतं. वजन तेवढंच, पण दुप्पट जागेवर पसरलं. आणि टायर नुसता रुंद होत नाही, जास्त करून लांब होतो. ती लांबीच गाडीला वाळूवर तरंगवते.

पात्रात उतरायच्या आधी, काठ अजून टणक आहे तिथंच, मी गाडी थांबवून हवा सोडतो. गाडी रिकामी असेल तर चारही चाकांत 20. अठराच्या खाली मी जात नाही, कारण मग वळताना टायर रिमवरून निसटायची भीती असते. माल भरल्यावर मागं 35 आणि पुढं 25 ठेवतो, आणि वाळूत अर्धाच लोड घेतो. बाकीचा दुसऱ्या खेपेला. माल भरलेल्या गाडीला ही हवा कमीच आहे, हे डोक्यात ठेवून दहा-पंधराच्या वर वेग नेत नाही. गेज खिशात पाहिजेच. चाकाला लाथ मारून हवेचा अंदाज घ्यायची सवय इथं उपयोगाची नाही. ट्यूबवाला टायर असेल तर जास्त सांभाळा. हवा कमी असताना टायर रिमवर सरकतो, ट्यूबही त्याच्याबरोबर फिरते आणि वॉल्व्ह मुळातून कातला जातो.

चालवताना दुसऱ्या गिअरात उचला, एकाच लयीत चाला. मध्येच गिअर बदलू नका, त्या क्षणभरात वाळू गाडी धरते. स्टिअरिंग फार तोडलं की पुढची चाकं नांगरासारखी वाळू ढकलतात, म्हणून वळण मोठं घ्या. थांबायचं तर ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप थांबू द्या, आणि शक्यतो उताराकडं तोंड करून. रिकामी पिकअप मागून हलकी असते. मी दोन-तीन पोती माती मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर टाकतो. पार मागं फाळक्याजवळ नाही, तिथं वजन गेलं की पुढचं तोंड उचलतं.

वेळही बघा. पहाटे वाळू गार आणि जराशी ओलसर असते, दबून बसते. दुपारी तीच वाळू पिठासारखी सुटी होते. म्हणून तोडणी पहाटे आणि गाडी आठच्या आत काठावर, असंच मी ठरवून घेतो. पण ओली वाळू चांगली म्हणून पाण्याच्या कडेनं जाऊ नका. तिथं वरून वाळू आणि खाली गाळ असतो. वाळू उपसलेले जुने खड्डेही वरून सपाट दिसतात. नवीन जागा असेल तर मी आधी पायी जातो. टाच टेकवून बघतो, वाडीवाल्याला विचारतो. आणि वर मुदगलच्या बंधाऱ्यातून पाणी सुटणार असेल तर त्या दिवशी गाडी पात्रात घालतच नाही.

तरीही गाडी फसते. माझं तिसरं वर्ष होतं. संध्याकाळची घाई, मागं टनभर टरबूज, हवा पूर्ण. वाळूनं गाडी धरली तशी मी रेस वाढवली. मिनिटभरात मागचं डावं चाक निम्मं आत आणि डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधला दोन्ही चाकं फिरवणारा गिअरचा डबा, वाळूवर टेकलेला. आपल्या गाड्यांत ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहतं, दुसरं उभं राहतं. वाडीवाले मामा धावत आले आणि पहिलं म्हणाले, "बंद कर आधी." मग त्यांनी करायला लावलं तेच मी आजही करतो.

आधी माल उतरवला. मग फावड्यानं चारही चाकांच्या पुढची आणि मागची वाळू काढली, गोळ्याखालची हातानं ओढून काढली. गोळा टेकलेला असेल तोवर चाकावर वजनच येत नाही, बाकी काहीही करा. मग जॅक. नुसता ठेवला तर जॅकच वाळूत जातो, म्हणून खाली दीड-दोन फुटी जाड फळी. चाक उचलून खालच्या खड्ड्यात ओली वाळू भरली, पायानं दाबली, वर बारदाना अंथरला आणि चाक त्यावर टेकवलं. हवा 18 वर आणली. स्टिअरिंग सरळ करून रिव्हर्स टाकला, कारण मागं आपल्याच चाकांनी दाबलेला माग असतो. गाडी हळूच निघाली. ट्रॅक्टर लागलाच नाही. लागला तर दोर चेसिसच्या हुकाला बांधा, बंपरला कधीच नाही, आणि माणसं दोरापासून लांब उभी करा. ताणलेला दोर तुटला तर जीव घेतो.

आता टायर. दुकानात गेलं की जाड गुटक्याचा लग टायर पुढं करतात, आणि चिखलासाठी तो खराच चांगला. वाळूत मात्र तो उकरतो. माझ्या गाडीला चारही रेडियल आहेत, म्हणजे बाजूची भिंत नरम असलेले, मध्यम नक्षीचे, खांदा (नक्षीची बाहेरची कड) गोलसर असलेले. नायलॉनचा टायर दणकट असतो, पण त्याची बाजूची भिंत कडक. हवा सोडली तरी रेडियलएवढा पसरत नाही. भिंतीवरचे आकडे वाचायला शिका. 215/75 आर 15 म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के, म्हणजे 161 मिलिमीटर, आणि रिम 15 इंची. भिंत उंच असेल तेवढी हवा सोडायला वाव मिळतो. म्हणून मोठा रिम आणि चपटा टायर लावून गाडी सजवली असेल तर ती पात्रात घालू नका. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, गाडीबरोबर कंपनीतून आलेल्या टायरपेक्षा कमी घेऊ नका. 106 म्हणजे एका टायरला 950 किलो. चार आकडी तारीख बघा, 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. रबर चढवलेला रिमोल्ड टायर या कामाला नको. कमी हवेत तो तापतो आणि वरचं रबर सुटतं.

काठावर आलो की डांबरी लागायच्या आधी हवा पूर्ण भरतो. कमी हवेवर लोड घेऊन परभणीच्या रस्त्याला लागलं तर टायर तापून फुटतो. बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर घ्या, इंजिन चालू ठेवून लावा. एका चाकाला आठ-दहा मिनिटं जातात. तेवढ्यात मी ताडपत्री सोडून हललेली टरबुजं परत नीट लावून घेतो, चाकांचे नट पान्यानं एकदा बघतो आणि ब्रेक दोनदा दाबून आत वाळू वाजतेय का ते ऐकतो.