इंग्रजीत हसू मोजताना या चुका टाळा

समजा, सहकाऱ्याच्या भाषणाला सगळे पोट धरून हसले. तुम्ही कौतुकानं त्याला लिहिलंत, 'युअर स्पीच वॉज माइल्डली अम्यूझिंग.' त्याचा चेहरा पडणारच! 'माइल्डली' म्हणजे जेमतेम. हसू ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आलं आणि तिथंच विरलं, एवढंच त्यातून कळतं. इथं 'हाइली अम्यूझिंग' हवं होतं, नाहीतर सरळ 'हिलेरियस'.

'हिलेरियस' वापरतानाही हात घसरतो. सवयीनं आपण 'व्हेरी हिलेरियस' म्हणून जातो. पण या शब्दात 'अतिशय' आधीच मुरलेलं आहे. भांडं 'खूप तुडुंब' भरलं असं आपण म्हणतो का? म्हणून जोडी 'ॲब्सोल्यूटली हिलेरियस' अशी. 'अम्यूझिंग'ला मात्र पायऱ्या आहेत: स्लाइटली, माइल्डली, हाइली. त्याला 'ॲब्सोल्यूटली' लावलं की कानाला खटकतं. 'फनी'च्या आधी 'व्हेरी' खुशाल लावा. हसून हसून मुरकुंडी वळली असेल तर 'हिस्टेरिकली फनी'.

'क्वाइट अम्यूझिंग' जपून वापरा. ब्रिटिश माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ बरेचदा 'बरं होतं' इतकाच असतो, अमेरिकी माणूस ते 'चांगलंच मजेदार' अशा अर्थानं घेतो.

हसू आलेला तो 'अम्यूज्ड', हसवणारा तो 'अम्यूझिंग'. 'बिम्यूज्ड'चा हसण्याशी मूळचा संबंध नाही. तो गोंधळलेला माणूस. आणि 'द बॉस वॉज नॉट अम्यूज्ड' असं कुणी सांगितलं, तर साहेबांना विनोद कळला नाही असं समजू नका. साहेब नाराज आहेत.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती क्रियापदाची गोष्ट. मराठीत हसणं एकच, फरक 'खुदकन', 'खदाखदा'मध्ये. त्याच सवयीनं आपण 'लाफ्ड व्हेरी मच' लिहितो आणि वाक्य मिळमिळीत होतं. इंग्रजी इथं बहुधा क्रियापदच बदलते: स्वतःशीच हसणं 'चकल', फिदीफिदी हसणं 'गिगल', गडगडाटी हसणं 'रोअर विथ लाफ्टर'. एकदम हसू फुटलं तर 'बर्स्ट आउट लाफिंग' किंवा 'बर्स्ट इंटू लाफ्टर'. या दोघांची खिचडी करून 'बर्स्ट इंटू लाफिंग' लिहू नका.

'लाफ ऑन मी' तर चूकच. तिथं 'ॲट' हवं. विनोदाला 'लाफ ॲट' चालतं, पण माणसापुढे तेच आलं की त्याची खिल्ली उडवली असा अर्थ होतो. मित्राबरोबर हसलात, तर 'लाफ्ड विथ हिम' लिहा.