फळमाशीचा नर प्रतिस्पर्ध्याचा हिशोब करतो का, घड्याळ लावून बघा

पिकलेल्या फळांवर घिरट्या घालते ती बारकी माशी, ड्रोसोफिला. तिची मादी एकाहून जास्त नरांशी जुगते, मग सगळ्यांचे शुक्राणू तिच्या पोटातच एकमेकांशी भिडतात (ही शुक्राणू स्पर्धेची कल्पना जेफ्री पार्कर यांनी १९७० मध्ये मांडली). त्यामुळे आसपास दुसरा नर असला की हा पठ्ठ्या मीलन लांबवतो, आणि ते नुसत्या घड्याळावर कळतं.

आधी कोऱ्या, म्हणजे अजून एकदाही न जुगलेल्या, माश्या गोळा करा. २५ डिग्रीला कोषातून बाहेर आल्यापासून ८ तासांच्या आत नर-मादी वेगळे करायचे, उशीर झाला की मादी कोरी राहिली असं धरताच येत नाही. भिंगातून नराच्या पोटाचं टोक काळं दिसतं आणि पुढच्या पायावर छोटा काळा कंगवा असतो.

आता निम्मे नर एकेकटे ठेवा, निम्म्यांसोबत एकेक जोडीदार नर द्या, आणि त्या जोडीदाराच्याच पंखाचं टोक किंचित कापा म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. असं तीन दिवस तरी ठेवायचं, कारण हा बदल लगेच येत नाही, साधारण दिवसभराचा सहवास लागतो. वास, आवाज, स्पर्श यातल्या कुठल्याही दोन खुणा मिळाल्या की नराला पुरतं, एकट्या वासावर तो भुलत नाही, हे मला फार भारी वाटतं.

टेस्टच्या दिवशी जोडीदार काढून टाका आणि मगच मादी सोडा. मी पहिल्यांदा तो आतच ठेवला होता, तो मध्येमध्ये धडकत राहिला आणि आकडे सगळे वाया गेले, कारण आपल्याला आधीच्या सहवासाचा परिणाम मोजायचाय, त्या वेळच्या धक्काबुक्कीचा नाही. पण काढून दिवसभर थांबूही नका, नर तोवर परत पहिल्यासारखा होतो. माशी हलवायला तोंडाने ओढायची नळी वापरा, त्या दिवशी बेशुद्ध करू नका.

नर चढला की वेळ लिहा, उतरला की परत लिहा. साधारण १५-२० मिनिटं लागतात, सहवासातले नर सरासरीने जास्त घेतात. एकेका माशीत फरक खूप असतो म्हणून दोन्हीकडे २५-३० जोड्या तरी हव्यात, आणि कुठली बाटली कुठल्या गटाची ते मोजणाऱ्याला सांगू नका.

मादीला जास्त अंडी घालायला लावणारी वीर्यातली सेक्स पेप्टाइड, ओव्ह्युलिन ही प्रथिनंही प्रतिस्पर्धी असताना जास्त दिली जातात, पण ते घड्याळावर दिसत नाही, त्याला लॅबच लागते. घरी फार तर मादी वेगळी ठेवून पिल्लं मोजा.