चराई थांबवली तर माळाचं काय होतं? चौकोन आखून तपासा

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली म्हशींच्या चराईवर बंदी आली. गुरं म्हणजे बाहेरचा उपद्रव, हे त्यामागचं गृहीतक. पुढे उथळ पाण्यात पास्पालम गवत माजलं आणि पाणपक्ष्यांना लागणारं मोकळं पाणी कमी होत गेलं. मुळात ते पाणथळही माणसानं बांध घालून घडवलेलं. म्हणून गावच्या गायरानात ‘माणूस आणि गुरं हटवा, निसर्ग परत येईल’ असं कोणी म्हणालं, तर आधी छोट्या जागेत पडताळून पाहावं.

गायरान असेल तर ग्रामपंचायतीची आणि वनजमीन असेल तर वनविभागाची लेखी परवानगी घ्या. तिथे मेंढ्या-गुरं चारणाऱ्यांशी त्याआधीच बोला. कुठे, कधी, किती जनावरं फिरतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांना न विचारता लावलेली जाळी फार दिवस टिकतही नाही.

एका संचात ५ × ५ मीटरचे तीन चौकोन आखा: एक खुला, एक पूर्ण बंद, एक बंद पण चराईच्या जागी वर्षातून एकदा विळ्यानं कापायचा. असे किमान तीन संच हवेत. संचातले तिन्ही चौकोन एकाच उताराचे, एकाच मातीचे असावेत. वारूळ, झाडाची सावली, पायवाट टाळा. खुला चौकोन जाळीपासून १० मीटर तरी लांब ठेवा, कारण गुरं कुंपणाच्या कडेनं चालतात आणि तिथली जमीन जास्त तुडवली जाते.

बंद चौकोनाला २.५ मीटरवर एक असे आठ खांब लागतात. ते अर्धा मीटर गाडा आणि १.२ मीटर उंचीची विणलेली जाळी लावा. काटेरी तार नको, जनावरं जखमी होतात. खांबांवर पक्षी बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बोर, घाणेरी खाली रुजते. त्यामुळे जाळीलगतचा एक मीटर मोजणीतून वगळा.

पहिली मोजणी कुंपण घालण्यापूर्वीच करा. हे राहून गेलं तर पुढच्या आकड्यांना आधारच उरत नाही. त्यानंतर दरवर्षी सप्टेंबरअखेर, गवत फुलोऱ्यात असताना मोजा, कारण तेव्हाच जाती ओळखता येतात. पीव्हीसी पाइपची १ × १ मीटरची चौकट प्रत्येक चौकोनात तीन ठरलेल्या जागी ठेवा. वनस्पतींच्या जाती, गवताची उंची, उघड्या मातीचं प्रमाण आणि वाळक्या गवताच्या थराची जाडी नोंदवा. जवळच्या पर्जन्यमापकाचे आकडेही शेजारी लिहा. कापायचा चौकोन बी झडल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी, साधारण ५ सेंटीमीटर बुंधा ठेवून विळ्यानं कापा आणि कापलेलं गवत बाहेर न्या. आतच राहिलं तर कापण्याचा हेतू फसतो.

पहिल्या वर्षी बंद चौकोन हिरवागार, उंच दिसेल. त्यावर निष्कर्ष काढू नका, ते फक्त न खाल्लेलं गवत आहे. तिसऱ्या वर्षापासून चित्र उलगडू लागतं. गुरांना आवडणारी मारवेल, पवना ही गवतं फक्त कुंपणाच्या आत आणि बाहेर गुरं टाळतात तो तरोटाच तरोटा असेल, तर चराई झेपण्यापलीकडे गेली आहे. बंद चौकोनात वाळका थर साचून लहान फुलझाडं कमी झाली, पण कापलेल्या चौकोनात ती टिकली, तर त्या माळाला चरणारं तोंड किंवा कापणारा विळा लागतो. तिन्ही सारखेच राहिले तर माती आणि पाऊस यांचा वाटा मोठा समजा. अवर्षणाचं एकच वर्ष हाती असेल तर थांबा.

बंद चौकोनाला ‘मूळ निसर्ग’ मात्र म्हणू नका. जाळीमुळे गुरांबरोबर चिंकारा, काळवीटही बाहेर राहतात. चरणाऱ्या जनावरांशिवायचा माळ ही स्वतःच एक नवी स्थिती आहे, आणि तीही माणसानंच केलेली. गुराखी, त्याची जनावरं, विळा हे आमच्या मते त्या माळाचेच घटक आहेत. ग्रामसभेत आकडे मांडताना म्हणूनच बंदी हवी की नको यावर अडकू नका. किती जनावरं, कोणत्या महिन्यांत आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या गवताला किती आठवडे विसावा, एवढ्यावर ठराव मागा.