वॉर्डातील विषाणू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाऊ नये म्हणून

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-धुळ्याकडील रुग्णालयांत खाटा भरलेल्या असतात, प्रत्येक खाटेपाशी नातेवाईक बसलेले असतात आणि कूलर दिवसभर चालू असतो. अशा वॉर्डात कर्मचाऱ्यांनी प्रथम आपल्या हातांकडे लक्ष द्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त वा अन्य स्रावांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. यांतला शेवटचा प्रसंग हमखास विसरला जातो. सलाईनचा स्टँड सरकवून किंवा खाटेचा कठडा धरून सिस्टर थेट शेजारच्या खाटेकडे वळतात. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचे असते. उन्हाळ्यात दोन थेंब घेतले तर ते त्याआधीच उडून जाते, म्हणून ओंजळीचा खळगा भरेल इतके घ्यावे. जुलाब-उलट्यांच्या रुग्णानंतर मात्र साबण आणि पाणीच वापरावे, कारण जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझरमधील अल्कोहोलचा प्रभाव कमी पडतो. हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नव्हे. त्याच हातमोज्यांनी केसपेपर लिहिणे, मोबाइल उचलणे आणि पुढचा रुग्ण तपासणे हे उघड्या हातांइतकेच धोक्याचे आहे.

सांडलेले रक्त आधी टिपून घ्यावे, मग त्या जागेवर एक टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचे जंतुनाशक द्रावण) ओतून किमान दहा मिनिटे राहू द्यावे. बाटली पाच टक्क्यांची असल्यास एक भाग द्रावणात चार भाग पाणी घालावे. उष्णतेने व उन्हाने या द्रावणाचा जोर ओसरतो, त्यामुळे ते रोज नव्याने करून झाकणाच्या भांड्यात, सावलीत ठेवावे. त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

खोकणाऱ्या रुग्णाला मास्क द्यावा आणि कूलरच्या झोतासमोर न ठेवता हवा जिथून बाहेर जाते त्या खिडकीजवळ ठेवावे. गोवराची शंका असल्यास स्वतंत्र खोलीच हवी. तो विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. इन्फ्लुएंझाचा संसर्ग लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच पसरू शकतो, म्हणून ताप आलेल्या कर्मचाऱ्याने ड्यूटी रेटू नये आणि प्रमुखांनीही रजा नाकारू नये.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा या आदिवासी भागाकडून आलेल्या नातेवाइकांना भिंतीवरचा मराठी फलक उपयोगी पडेलच असे नाही. पावरी किंवा भिली बोलणारी एखादी मावशी वॉर्डात असेल, तर हात कसे धुवावेत हे तिने एकदा करून दाखवावे. फलकापेक्षा ते अधिक कामी येते.

रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस (पहिला, त्यानंतर एक महिन्याने आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी) प्रत्येक कर्मचाऱ्याने, सफाई कामगारानेही, पूर्ण करावेत. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचलीच, तर जागा दाबून रक्त काढत न बसता साबण-पाण्याने धुवावी व लगेच वरिष्ठांना कळवावे. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे. ७२ तासांची मर्यादा ओलांडू देऊ नये.