चिकलठाणा ते नांदेड: हवेतलं अंतर आणि वेळ कागदावर कशी काढायची

माझं माहेर नांदेडचं, नोकरी संभाजीनगरला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णांना, माझ्या वडिलांना, गाडीत फार वेळ बसवत नाही. गेल्या दिवाळीआधी फोनवर म्हणाले, "विमानानं किती लागतं गं?" मी भूगोल शिकवते, तेव्हा उत्तर शोधण्यापेक्षा काढलं. पद्धत सोपी आहे, नववीच्या पोरांना जमते.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मोबाइलच्या नकाशात धावपट्टीवर बोट दाबून धरलं की मिळतात. आकडे दशांशात आले, तर दशांश भागाला ६० ने गुणा म्हणजे मिनिटं होतात. चिकलठाणा, म्हणजे संभाजीनगरचं विमानतळ, १९ अंश ५२ मिनिटं उत्तर, ७५ अंश २४ मिनिटं पूर्व. नांदेड १९ अंश ११ मिनिटं, ७७ अंश १९ मिनिटं.

आता फरक मिनिटांतच काढा. अक्षांशांचा फरक ४१. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणजे उत्तर-दक्षिण ४१ सागरी मैल, पुढे काही करायचं नाही. वैमानिक अजूनही याच मैलांत मोजतात ते यामुळेच.

रेखांशांचा फरक ११५ मिनिटं, पण इथं पोरं हमखास चुकतात. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडे हे मिनिट विषुववृत्तापेक्षा आखूड असतं. दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाची, म्हणजे साडेएकोणीस अंशांची कोज्या (कॅल्क्युलेटरवरचं cos) घ्या: ०.९४३. गुणाकार केला की १०८ सागरी मैल.

एक बाजू ४१, दुसरी १०८, कर्ण पायथागोरसनं काढा. साधारण ११६ सागरी मैल, म्हणजे २१५ किलोमीटर. हजार किलोमीटरच्या आतल्या अंतराला ही रीत बेलाशक वापरा.

वेळेसाठी विमान कोणतं ते बघा. छोट्या मार्गांवरचं पंख्यांचं एटीआर-७२ ताशी २७० सागरी मैलांच्या आसपास जातं. ११६ भागिले २७०, म्हणजे २६ मिनिटं. पाठीमागून ३० मैलांचा वारा असेल तर २३, समोरून असेल तर २९. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, वळून उतरणं यांची वीसेक मिनिटं धरा. पाऊण तास झाला.

अण्णांना मात्र पाऊण तास सांगून चालणार नव्हतं. तासभर आधी काउंटर बंद होतो, म्हणजे घरून दोन तास आधी निघा, उतरल्यावर सामान घ्या, घर गाठा. साडेतीन तास. आणि थेट विमान नसेल, तर मुंबईवरून जायचं म्हणजे आधी पश्चिमेला २८० किलोमीटर उलटं आणि मग तिथून नांदेडला ४७०! परतूर, सेलू, परभणी, पूर्णा करत रेल्वे साडेचार तासांच्या आसपास पोचवते. म्हणून तिकीट रेल्वेचंच काढलं, कडेची सीट, मधे उठून पाय मोकळे करता येतील अशी.

अण्णा भूमी अभिलेखमध्ये मोजणीदार होते. माझा कागद त्यांनी तपासला आणि नांदेड-हैदराबाद स्वतः काढलं. तुम्हीही काढून बघा: हैदराबादचं विमानतळ १७ अंश १४ मिनिटं उत्तर, ७८ अंश २६ मिनिटं पूर्व. उत्तर १३३ सागरी मैलांच्या जवळ यायला हवं.