फ्लॅशगन उघडताय? आधी कपॅसिटर रिकामा करा

लग्नसराई संपली की फ्लॅशगन (कॅमेऱ्यावर चढवायचा फ्लॅश) बॅगेच्या तळाशी जाते आणि सेल तिच्यातच राहतात. पावसाळा उलटल्यावर बाहेर काढावी, तर ती चालूच होत नाही. अशा वेळी लगेच स्क्रू ड्रायव्हर शोधू नका. निम्मे दुखणे सेलच्या कप्प्यातच असते आणि त्यासाठी फ्लॅश उघडावा लागत नाही.

कप्पा उघडून नीट पाहा. अल्कलाइन सेल गळले की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि हवा लागून त्याची पांढरी पूड होते; पितळी पट्टीवर ती हिरवट दिसते. हातमोजे आणि चष्मा घाला, सेल काढा, फ्लॅश उलटा धरून कोरडी पूड जुन्या टूथब्रशने झाडा. कापसाच्या काडीला थोडेसे पांढरे व्हिनेगर लावून पट्ट्या आणि स्प्रिंगा पुसा. काडी नुसती ओलसर हवी, थेंब गळता कामा नये. फसफसले तर उत्तमच. लिंबाचा रसही चालतो, पण चिकटपणा राहतो. नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते सगळे पुसून घ्या, कारण राहिलेला आंबट अंश पुढे गंज आणतो. तासभर वाळू द्या, पट्ट्यांवरून पेन्सिलचे खोडरबर फिरवा आणि नवे सेल घाला.

एवढे करूनही फ्लॅश मुका राहिला आणि स्प्रिंगच्या मुळाशी काळे दिसले, तर ओल आतल्या वायरीपर्यंत गेली आहे. आता उघडणे आले.

चार सेलचे मिळून ६ व्होल्ट, त्यात शॉक कसला बसणार, असे कोणालाही वाटेल. फ्लॅश चालू केल्यावर बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येते ना? आतले सर्किट त्या ६ व्होल्टचे साधारण ३०० व्होल्ट करून कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, भरत असते. सेल काढले तरी हा साठा तासन्‌तास राहू शकतो. मोठ्या फ्लॅशगनमध्ये १,४०० मायक्रोफॅरडपर्यंतचा कपॅसिटर असतो. ३३० व्होल्टला त्यात सुमारे ७६ ज्यूल ऊर्जा मावते. दवाखान्यातला डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला झटका देणारे यंत्र, १२० ते २०० ज्यूलचा झटका देतो, त्यावरून काय ते समजा. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यात हा साठा पाच-सहा ज्यूलचाच असतो, पण त्याचा फटकाही हात झाडायला लावतो. त्यामुळे अंगठ्याएवढा कॅमेरा असला, तरी त्याला फ्लॅश आहे म्हणजे पुढची खबरदारी लागू.

ज्यांनी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे यंत्र, कधी हाताळलेला नाही, त्यांनी इथेच थांबावे. ज्यांना पेसमेकर आहे, त्यांनी तर नक्कीच. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात हे काम रोज करणारे कारागीर आहेत. त्यांना पैसे देण्यात कमीपणा नाही.

बाकीच्यांनी असे करावे. फ्लॅश चालू होत असेल तर एकदा पूर्ण ताकदीने उडवा, तो पुन्हा भरायच्या आत बंद करा, सेल काढा आणि रात्रभर ठेवून द्या. तरीही तो भरलेलाच आहे असे धरून चाला. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवा. स्क्रू जपानी घाटाचे असतात; साध्या फिलिप्सने त्यांचे डोके झिजते, म्हणून जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, टोकाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला तसा कागदावर चिकटवा. लांब स्क्रू आखूड भोकात बसवला की तो आतल्या पट्टीकेबलमध्ये घुसतो.

झाकण निघाले की काळा किंवा गडद, जाडसर नळकांड्यासारखा भाग शोधा. बहुधा त्यावर ३३० व्होल्ट छापलेले असते. एक हात पाठीमागे ठेवा, म्हणजे विजेला छातीतून वाट मिळत नाही. मल्टिमीटर डीसी ६०० किंवा १,००० व्होल्टवर लावून कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजा. मग २ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर (तार गुंडाळलेला, विजेला अडवणारा भाग), दोन्ही पायांवर इन्सुलेशन चढवून, त्या टोकांना तीस सेकंद टेकवा. रेझिस्टरला उघड्या बोटांनी धरू नका. पुन्हा मोजा. दहा मिनिटांनी आणखी एकदा मोजा, कारण कपॅसिटरमध्ये थोडा व्होल्टेज आपोआप परत चढतो. आकडा ५च्या खाली राहिला की मगच आत बोट घाला.

स्क्रू ड्रायव्हरने टोके शॉर्ट करायची जुनी सवय पुष्कळ जणांना आहे. धाडकन ठिणगी पडते, पात्याला खड्डा पडतो, कधी पट्टीही वितळते. नको ते.

गंजून तुटलेली वायर सोल्डरने डागून झाली की झाकण पूर्ण लावूनच सेल घाला. उघड्या फ्लॅशवर चाचणी नको. वर्षभर पडून असलेला फ्लॅश आधी काही मिनिटे नुसता चालू ठेवा, मग कमी ताकदीपासून उडवा.

जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याआधी, तो भरलेला असताना बुडाच्या मधल्या टोकात आणि कडेच्या पट्टीत किती व्होल्ट आहेत तेही बघा. व्हिव्हिटार २८३च्या सुरुवातीच्या जपानी फ्लॅशना तिथे २०० व्होल्टच्या वर मिळतात, आणि कॅमेऱ्याच्या सर्किटला ते झेपेलच असे नाही. आयएसओ १०३३० या मानकाची मर्यादा २४ व्होल्ट आहे. आकडा त्याहून जास्त आला, तर फ्लॅश फिल्म कॅमेऱ्यावर वापरा किंवा रेडिओ ट्रिगर (वायरीशिवाय दुरून फ्लॅश उडवणारे साधन) घ्या, पण त्या ट्रिगरला किती व्होल्ट सोसतात ते त्याच्या माहितीपत्रकात आधी बघा.