निऑन टेट्रा घरी आणण्याआधी: उजेडाची आणि सावलीची तयारी

पहिलं काम मासे येण्याच्या सहा-सात आठवडे आधीचं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. टाकी जिथे ठेवायची आहे, तिथे एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ उजेड कसा फिरतो ते बघून ठेवा. खिडकीच्या बरोबर समोर टाकी ठेवली तर काचेत दिवसभर खिडकीच दिसते. पश्चिमेचं ऊन थेट आलं तर काचेवर शेवाळ धरतं आणि पाणी तापतं. निऑनला साधारण 22 ते 26 अंशांचं पाणी मानवतं. खिडकीला काटकोनात असलेली भिंत सगळ्यात सोयीची. तिथे सकाळचं कोवळं ऊन दहा-पंधरा मिनिटं तिरकं पडत असेल तर ती जागा अजिबात सोडू नका. त्या वेळी निऑनचा निळा पट्टा जसा पेटतो, तसा कुठल्याही दिव्याखाली मला दिसलेला नाही.

मी इथे निऑन टेट्राच धरून चालले आहे, कारण उजेडाप्रमाणे रंग बदलणारा इतका सहज मिळणारा छोटा मासा दुसरा नाही. टाकी 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच, म्हणजे साधारण 55 लिटरची, आणि त्यात दहा-बारा माशांचा थवा. याच कुळातला कार्डिनल टेट्रा आणणार असाल तरी तयारी हीच. दोघांत फरक एवढाच ठळक, की निऑनचा लाल रंग पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत असतो आणि कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत.

खरेदीला निघण्याआधी हा रंग येतो कुठून, ते समजून घ्या. नाहीतर दुकानदार दाखवेल तो दिवा घेऊन परत याल. निऑनचा लाल रंग हा खराखुरा रंगद्रव्याचा रंग आहे. तो पिवळ्या-तांबड्या कॅरोटिनॉइड द्रव्यांवर चालतो आणि ती द्रव्यं माशाला स्वतः तयार करता येत नाहीत, खाण्यातून मिळवावी लागतात. निळ्या पट्ट्यात मात्र निळं द्रव्य मुळी नसतंच. तिथल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिशय पातळ चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात. त्यांच्यावरून उजेड परावर्तित होताना विशिष्ट रंग तेवढा जोरकस होऊन बाहेर पडतो, साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, त्याच जातीचा हा प्रकार. उजेड असला की चकत्यांमधलं अंतर वाढतं आणि पट्टा निळा-हिरवा दिसतो. अंधार झाला की अंतर कमी होतं, पट्टा जांभळ्याकडे झुकतो आणि मग मंद होत जातो. म्हणजे दिवा नुसता मासा दाखवत नाही, माशाच्या अंगात बदल घडवतो.

आता तळ आणि पाठ. माझ्या मते सगळ्या यादीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि लोक नेमकं हेच शेवटी करतात. माशाचा डोळा वरून येणारा उजेड आणि खालून परत फिरणारा उजेड यांची तुलना करत असतो. तळ पांढरा असला की खालूनही भरपूर उजेड येतो. मग त्वचेतल्या काळ्या पेशींमधलं द्रव्य आत, मध्यभागी गोळा होतं आणि मासा फिका पडतो, कारण पांढऱ्या तळावर फिकं दिसण्यातच त्याची सुरक्षितता असते. तळ गडद असला की तेच द्रव्य पेशीभर पसरतं, अंग गडद होतं आणि त्या गडदपणावर निळा-लाल रंग उठून दिसतो. म्हणून पांढरे संगमरवरी खडे घेऊ नका. ते उजेड वर फेकतात आणि पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जडही करतात. निऑनचं मूळ पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी. काळी किंवा गडद तपकिरी बारीक वाळू आणा आणि बादलीत पाणी निवळेपर्यंत धुवा. मागच्या काचेला बाहेरून काळा कार्डपेपर चिकटवा. प्रवाळ आणि निळा समुद्र छापलेलं पोस्टर कितीही आवडलं तरी नको. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या जंगलात, झाडांच्या दाट सावलीखालच्या ओढ्यांत राहणारा हा मासा आहे. अशा बऱ्याच ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं असतं. तिथे त्याच्या मागे निळं आकाश नसतं, बुडालेली लाकडं आणि कुजणारी पानं असतात.

ती पानं आपल्याकडे फुकट आहेत. मुंबईत, कोकणात रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात देशी बदामाची झाडं असतात. हिवाळ्याच्या अखेरीस त्यांची मोठी पानं लाल होऊन गळतात. आपोआप गळून वाळलेली तपकिरी पानंच वेचा, हिरवी तोडू नका. गटाराजवळची किंवा औषध फवारलेल्या बागेतली नकोत. धुऊन दोन दिवस पाण्यात भिजवा आणि आपल्या 55 लिटरच्या टाकीत एक-दोन पानं सोडा. त्यातल्या टॅनिनमुळे, म्हणजे तुरट द्रव्यामुळे, पाण्याला हलकी पिवळसर-तपकिरी छटा येते, उजेडाची धार कमी होते आणि मासे निवांत होतात. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाणी स्वच्छ करणारा कोळसा असेल तर तो आधी काढा, नाहीतर तो ही छटा शोषून घेतो आणि रंग गेला कुठे म्हणून तुम्ही शोधत बसाल.

दिवा घेताना खोक्यावर तीन गोष्टी वाचा. रंगतापमान 6500 केल्विनच्या आसपास असलं की उजेड दिवसासारखा पांढरा वाटतो. 3000 केल्विनचा पिवळट दिवा लाल रंगाला बरा, पण निळ्या पट्ट्याची मजा घालवतो. दुसरी गोष्ट सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा. तो 90 च्या वर असावा. स्वस्त पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्यावर पिवळट लेप दिलेला असतो. त्याच्या उजेडात लाल भाग कमी पडतो, म्हणून त्याखाली निऑनची लाल शेपूट विटकरी, मळकी दिसते. मासा आजारी नसतो, दिव्यात लालच नसतो. तिसरी गोष्ट ल्यूमेन, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो याचं माप. जावा फर्न, अनुबियास अशा कमी उजेडातल्या वनस्पतींना लिटरमागे 15 ते 20 ल्यूमेन पुरतात, म्हणजे आपल्याला 1000 ल्यूमेनच्या आसपासचा दिवा खूप झाला. मंद करता येणारा मिळाला तर तोच घ्या. लाल-निळे-हिरवे वेगवेगळे बल्ब असलेले दिवे रंग भडक करून दाखवतात. ज्याला आवडतात त्याने जरूर लावावेत, पण त्या उजेडात माशाच्या तब्येतीचा अंदाज घेऊ नये.

दिवा लावण्याची जागाही ठरवायची असते. बहुतेक जण तो झाकणाच्या मध्यावर किंवा मागे ठेवतात. मागून उजेड आला की आपल्याकडची बाजू सावलीत जाते आणि मासे नुसत्या काळ्या आकृत्या होतात. दिवा पुढच्या काचेकडे सरकवा. उजेड माशाच्या आपल्याकडच्या कुशीवर पडेल आणि आपल्याकडेच परत येईल. मग आधी खाली बसून बघा, नंतर खुर्चीवरून थोडं वरून बघा. पट्ट्याचा रंग बघण्याच्या कोनाप्रमाणे बदलतो, आणि टाकीचं स्टँड किती उंच हवं हे त्यावरूनच ठरवावं.

वर तरंगणारी वनस्पती हवीच: सॅल्व्हिनिया किंवा पिस्टिया. पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा झाकला की पुरे. उजेडाचे कवडसे पडतात आणि निऑन सावलीतून उजेडात, उजेडातून सावलीत जात राहतात. वाढ फार जोरात होते, दर आठवड्याला काढावी लागते. काढलेली वनस्पती कचऱ्यात किंवा कुंडीत टाका. नदीत, तळ्यात कधीही सोडू नका, तिथे ती सगळं पाणी झाकून टाकते.

टायमर घ्या, बॅटरीवाला डिजिटल. साधा चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि वेळ मागे पडत जाते. सुरुवातीला रोज सहा तास, पुढे सात-आठ. तुम्ही संध्याकाळी घरी येत असाल तर दुपारी 3 ते रात्री 10 ठेवा. माशांना तास मोजून हवेत, ते सकाळचेच असावेत असं काही नाही. टाकी या काळात पाणी भरून, पण माशांशिवायच चालवायची. फिल्टरमध्ये जीवाणू रुजून टाकी मुरायला तीन ते सहा आठवडे लागतात. पाण्याच्या तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे आणायचे नाहीत.

मासे घ्यायला मुंबईत कुर्ल्याला जा, क्रॉफर्ड मार्केटला जा, नाहीतर गावातल्या दुकानात. खिशात फोनचा टॉर्च असतोच. दुकानातला रंगीत दिवा क्षणभर बंद करायला सांगा आणि बाजूने पांढरा उजेड धरा. तिथल्या उघड्या, फिक्या तळाच्या टाकीत निरोगी निऑनही फिके दिसतात, तेव्हा रंगावर गुण देऊ नका. पंख उघडे आहेत का, पोट खपाटीला गेलंय का, थव्याबरोबर पोहतोय का, हे बघा. एखाद्याच माशाच्या पट्ट्यात पांढरट, तुटका तुकडा असेल तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका. काही दुकानांत पारदर्शक काचमासे गुलाबी, हिरव्या, जांभळ्या पट्ट्यांसह मिळतात. तो रंग सुईने अंगात टोचलेला असतो. हा मासा आपल्याच देशातला, मूळचा सोनेरी झाक असलेला, उजेडात काचेसारखा लखलखणारा. काही महिन्यांत तो टोचलेला रंग उडतो, तोवर बरेच मासे गेलेले असतात. असे मासे विकत घेऊ नका, आणि का घेत नाही हे दुकानदाराला स्पष्ट सांगा.

घरी आणताना पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळा. पोचल्यावर टाकीचा दिवा बंद, खोलीतला मंद. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, टाकीतलं पाणी थोडं थोडं आत घाला, मग मासे जाळीने सोडा. त्या दिवशी दिवा लावायचाच नाही. पहिले दोन-तीन दिवस रंग फिका राहील, ते धरूनच चाला. झाकण मात्र बसवलेलं असू द्या, घाबरलेला मासा उडी मारतो.

आता रात्रीची गोष्ट. माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी ही कुणी सांगितली नव्हती. मी रात्री दोन वाजता उठून दिवा लावला, तर अकराच्या अकरा निऑन राखाडी, पट्टा गायब. सगळे मरणार असं वाटून मी तेव्हाच निम्मं पाणी बदललं, नळाचं, न मुरवलेलं. सकाळपर्यंत चार मासे गेले. निऑन रात्री फिके पडतात. ती त्यांची झोपेतली अवस्था असते. उजेड झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, कधी अर्ध्या तासात रंग परत येतो. अर्ध्या तासानंतरही एखादा मासा फिकाच असेल, थव्यापासून वेगळा राहत असेल, तरच काळजीचं कारण. म्हणून रोज दिवा लागण्याआधी पंधरा मिनिटं खोलीतला उजेड असू द्या आणि दिवा बंद झाल्यावरही थोडा वेळ राहू द्या. गडद अंधारातून एकदम प्रकाश पडला की ते काचेवर आदळतात.

तीन आठवड्यांनी रंगाचा हिशोब करा, त्याआधी नाही. नोंद डोळ्यांनी पाहून वहीत करा, रोज त्याच वेळी. फोनचा कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने बदलतो. लाल कमी वाटला तर खाण्याकडे बघा: आर्टेमिया, सायक्लॉप्स हे पाण्यातले बारीक जीव आठवड्यातून दोन-तीनदा. सगळं अंगच फिकं वाटलं तर आधी दिवा मंद करा, मग तरंगती वनस्पती वाढवा, मग तळ आणखी गडद करा. एका वेळी एकच बदल, आणि मध्ये एक आठवडा. निळा पट्टा चमकतोय आणि फक्त लाल शेपूट मळकी दिसतेय, खाणंही बदलून झालंय, अशी वेळ आली तरच नवा दिवा बघायला बाहेर पडा.